खिडकीत वरवंटा

धाडकन. परत. सकाळपासून सातव्यांदा.

आज वर्षाची चटणी होती. डंकावर कांडायला न्यायच्या आधी खोबरं, तीळ, धणे भाजायचे, कांदा-लसूण तळायचा, मग ब्याडगी आणि संकेश्वरी तेलावर परतायची. मिरची कढईत पडली की गल्लीच्या टोकाचा माणूस शिंकतो. अशा वेळी स्वयंपाकघराची खिडकी उघडी पाहिजे का नको? आईनं मिरच्या टाकल्या, बाहेर वळवाचं वारं सुटलं आणि खिडकी मिटली. आत आई, मी, कढई आणि ठसका. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, एका हातात उलथनं, दुसरा हात खिडकी ढकलायला. मी ढकलतोय, ती येतेय. हे असं तीन वर्षं चाललंय.

तीन वर्षांपूर्वी शहाणपणा केला आणि सागवानी खिडकी काढून ॲल्युमिनियमची ओपनेबल बसवली. फॅब्रिकेशनवाला म्हणाला होता, "साहेब, ह्याला आकडा लागत नाही, कडी लागत नाही. जिथं सोडाल तिथं थांबती." थांबली. चार महिने.

मग सगळे डॉक्टर झाले. शेजारचे काका म्हणाले तेल टाक. मेव्हणा म्हणाला तेल टाक. दूधवाल्यानंसुद्धा खिडकीकडं बघून तेलच सांगितलं. मी येड्यासारखं शिलाई मशीनचं तेल झडपेला चौकटीशी धरणाऱ्या वरच्या-खालच्या दोन्ही पट्ट्यांत सोडलं. आता नुसत्या फुंकरीनं मिटती!

अरे, त्या पट्टीला फ्रिक्शन स्टे म्हणतात. नावातच घर्षण आहे. पट्टीत एक छोटा ठोकळा सरकतो, तो घासतो म्हणून खिडकी थांबते. ती पकड तेलानं जाणारच. करायचं होतं ते एवढंच: पट्टीतली धूळ जुन्या टूथब्रशनं काढायची आणि ठोकळ्यावरचा बारका पितळी स्क्रू जरा आवळायचा. बऱ्याच पट्ट्यांना तो असतो. हे मला शेवटी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका म्हाताऱ्या दुकानदारानं सांगितलं, तेही गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. तेल पुसलं, स्क्रू आवळला. दोन दिवस बरं चाललं.

तिसऱ्या दिवशी वारं आलं आणि धाडकन.

तेव्हा टेप घेऊन बसलो. झडप दोन फूट रुंद, चार फूट उंच, काच जाड. पट्टी आठ इंची. दुकानदाराला फोटो दाखवला तर तो हसायलाच लागला. एवढ्या वजनाला किमान बारा इंची पाहिजे म्हणाला. म्हणजे पहिल्या दिवसापासून माप चुकलेलं, आणि मी तीन वर्षं वाऱ्याला शिव्या देतोय. चार इंच वाचवून त्या माणसानं कुठं बंगला बांधला काय माहीत.

बरं, जुन्या लाकडी खिडक्या तरी धड आहेत का? माजघरातल्या खिडकीचा आकडा पावसाळ्यात निघून आला. स्क्रूचं भोक मोठं झालं होतं. सुतारमामा आले, त्याच भोकात जाडा स्क्रू पिळला, दोनशे घेतले आणि गेले. पंधरा दिवसांत आकडा पुन्हा हातात. मग मीच काडेपेटीच्या काड्या गुल उडवून फेविकॉलमध्ये बुडवल्या, भोकात ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि जुनाच स्क्रू बसवला. अजून हललेला नाही. खर्च काय? काड्या घरच्याच होत्या.

जिन्यातली खिडकी तर वारं नसतानाही मिटते. तिथं दोऱ्याला नट बांधून ओळंबा धरला. चौकटच अर्धा इंच कललेली. वारं बंद असताना झडप सोडून बघा. दर वेळी एकाच जागी जाऊन थांबत असेल तर दोष चौकटीचा, आकड्याचा नाही. चौकट कोण काढत बसणार? बिजागरीचा खिळा काढून मधोमध हलका ठोकला, इतका की डोळ्याला बाक दिसू नये, आणि परत घातला. खिळा आत घासायला लागला, झडप थांबायला लागली. हे काम गवंड्याचं नाही, सुताराचं नाही, माझं तर अजिबात नाही. मी बँकेत कारकून आहे.

आणि आजची गंमत ऐका. आईनं शेवटी वैतागून वरवंटा उचलला आणि झडपेच्या फटीत उभा केला. "तुमची ती फॅशनची खिडकी," एवढंच बोलली आणि मिरच्या परतायला वळली. वरवंटा आमच्या आजीचा, काळा दगड, माझ्या एका हाताला उचलत नाही. खिडकी हलली नाही. चटणी पार पडली.

फॅब्रिकेशनवाल्याला दुपारी पुन्हा फोन लावला. "बारा इंची टाकतो की साहेब, पण जुनी भोकं जुळणार नाहीत, फ्रेमच नवीन करावी लागंल." किती? तर आकडा सांगितला. मी फोन ठेवला. संध्याकाळी सूनबाई वाटण कशानं वाटायचं म्हणून विचारत होती, तिला खिडकीकडं बोट दाखवलं.