तीन मिनिटं वाचतील

फुकट मिळणाऱ्या वस्तूला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. भाजीबरोबरची कोथिंबीर असो नाहीतर साबणावरची वाटी. त्यामुळे गाडीतल्या फोनवरच्या नकाशात मूळ रस्त्याशेजारी फिकट रेघ उमटून "तीन मिनिटं वाचतील" असं दिसलं, की गाडीतल्या सगळ्यांचे डोळे लकाकतात. वाचलेल्या तीन मिनिटांचं करायचं काय, हे कुणी विचारत नाही. मघाशीच चहाच्या नावाखाली पाऊण तास घालवलेला असतो, त्याचा हिशेब वेगळ्या वहीत.

लग्न कोल्हापुरात, मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा. सातारा सोडलं की महामार्गाचं रुंदीकरण सुरू. कधी गाडी पुलावर, कधी पुलाखालच्या सेवारस्त्यावर. आता वरून बघणाऱ्याला पूल आणि पुलाखालचा रस्ता एकावर एकच दिसणार. आम्ही खाली धूळ खात असताना फोनमधली रस्ता सांगणारी बाई पुलावरून सरळ जायला सांगत होती. मागच्या सीटवरून आत्या तिला समजावत होती, "अगं, आम्ही खाली आहोत गं!" आत्याचा नकाशा निराळा आहे. त्यात मीटर नाहीत, सोयरिकी आहेत. "या फाट्याला आत गेलं की धाकट्या जाऊबाईंचं माहेर. तिथनं पुढं विचारायचं." विचारायचं म्हणजे जेवायला बसायचं.

कराड मागं पडलं आणि पेठ नाक्याच्या अलीकडे ती फिकट रेघ आली. "वळव रे, तीन मिनिटं म्हणजे काही कमी नाहीत," आत्या म्हणाली. बायको नुसतं "अहो" म्हणाली. त्या एका शब्दात जे असतं ते ओळखून मी वळवली.

पहिला किलोमीटर डांबर, मग खडी, मग दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच की आभाळाची फक्त पट्टी दिसत होती. बाई मात्र ठाम: चारशे मीटर सरळ जा.

वास्तविक ही जीपीएसची यंत्रणा फार थोर आहे. अमेरिकेचे उपग्रह २० हजार किलोमीटरवरून सतत वेळ सांगत असतात आणि आपली जागा कळायला फोनला त्यातले किमान चार तरी ऐकू यावे लागतात. तिकडे गुरुत्वाकर्षण कमी आणि उपग्रहांचा वेग जबरदस्त. दोन्हींची वजावट होऊन त्यांची घड्याळं रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, म्हणून आइनस्टाइनच्या सूत्रांनी ती आधीच लावून ठेवलेली असतात. आइनस्टाइनने एवढं करून ठेवलं आणि आम्ही पोचलो उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या ढुंगणाशी.

अर्थात उपग्रहांना बोल लावण्यात अर्थ नाही. तुम्ही कुठे आहात एवढंच ते सांगतात, आणि आम्ही फडात होतो हे त्यांनी अचूक सांगितलं. कुठून जायचं हा खालचा कारभार. इतरांचे फोन किती वेगाने सरकताहेत, यावरून गर्दी ताडली जाते. ज्या रस्त्यावर फोनच नाहीत तो रस्ता मोकळा. तो मोकळा का आहे, ही चौकशी शहाण्या माणसाने करायची असते, आणि शहाणी माणसं महामार्गावर होती.

आमच्यामागे तीन गाड्या उभ्या राहिल्या. सगळ्यांत मागच्या गाडीतले धोतरवाले गृहस्थ खिडकीतून डोकं काढून मनगटावरचं घड्याळ बघत होते.

ट्रॉलीआडून टॉवेल बांधलेले एक आजोबा आले. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही, थेट फोनकडे पाहिलं.

"मॅपवालं व्हय? म्होरं वड्यात पूल न्हाई, पावनं. मागं घ्या. आमचं पोरगं दावतंय."

पोरगं दहाएक वर्षांचं, हातात उसाचं कांडकं. पण काम सराईत. "येऊ द्या, येऊ द्या, पाटाकडं नगं... बास!" मागच्या गाडीपासून सुरुवात करून एकेक गाडी त्याने उलटी बाहेर काढली. आत्याने त्याला दहाची नोट देऊ केली. तो म्हणाला, "इस देत्यात लोकं."

कार्यालयात पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. मान खाली घालून शिरलो, तर नवरामुलगा बाशिंग बांधून नुसताच बसलेला, आंतरपाट घडी करून मामांच्या खांद्यावर, अक्षता लहान मुलांच्या खिशात. गुरुजींचा पत्ता नव्हता.

ते आले दीड तासाने. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. मी ओळखलं. फडात ते आमच्या मागे होते म्हणून आधी बाहेर पडले, आणि आधी बाहेर पडले म्हणून पुढचा जवळचा रस्ता बाईने पहिल्यांदा त्यांना दाखवला.