सज्जन माणसाने गाडी कुठे लावावी

चांगुलपणा आणि हरामखोरी एका माणसात नांदत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत राहून बघावं. छान नांदतात. भांडतसुद्धा नाहीत. तुम्हालाही हे जमावं म्हणून थोडं मार्गदर्शन.

दिवसाची सुरुवात सत्कर्माने करा. मासुंदा तलावावर माशांना पाव घाला. पावाची पिशवी तिथेच सोडा.

दानाचा फोटो काढा. बाकीच्या गोष्टींचा काढू नका.

वॉचमनला 'मामा' म्हणा. दिवाळीला सोनपापडीचा डबा द्या (तोही कुणीतरी तुम्हाला दिलेलाच असतो). एजीएममध्ये त्याच्या पगारवाढीचा विषय निघाला, की विरोधाचा पहिला हात तुमचा.

मनाला टोचणी लागली तर घाबरू नका, शास्त्र पाठीशी आहे. मोनिन आणि मिलर या मानसशास्त्रज्ञांचा २००१चा अभ्यास बघा. बायकांबद्दलची हिणकस विधानं नाकारायची संधी ज्यांना आधी मिळाली, तीच मंडळी नंतर 'या नोकरीला पुरुषच बरा' असं जास्त सहज म्हणाली. एकदा चांगुलपणा सिद्ध झाला, की पुढची सूट आपोआप मिळते.

आता पार्किंग. स्वतःची जागा असली तरी गाडी गेटच्या तोंडाशीच लावावी. वर पाचच मिनिटं तर जायचं असतं! चारही इंडिकेटर चालू ठेवले, की गाडी उभी आहे असं कुणी धरतच नाही. मागच्या काचेवर 'रक्तदान श्रेष्ठदान'चा स्टिकर हवाच. गेटबाहेर अडकलेल्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला वाचायला काहीतरी पाहिजे ना.

मंगळवारी रात्री त्याने तो भरपूर वाचला. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, ते मेट्रोचे खांब, ते खड्डे, सगळं पार करून आला बिचारा, आणि अडकला कुठे, तर आमच्या गेटवर! इंटरकॉम कुणी उचलेना. ज्यांची गाडी, त्या काकांचा मोबाइल सायलेंटवर, कारण वर रक्तदान शिबिराची मीटिंग चालू. इकडे बाबांना श्वास घेता येत नव्हता. शेवटी स्ट्रेचर लॉबीतून रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. ऑक्सिजनचा सिलिंडर माझ्या हातात, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला स्ट्रेचरची पुढची चाकं उचलून धरायला कोण? तर पगारवाढ न मिळालेले मामा.

पुढे ऐका. साडेअकराला काका हॉस्पिटलमध्ये हजर, हातात चहाचा थर्मास. रात्रभर बाकावर बसले. औषधं आणायला तेच खाली धावले. मला म्हणाले, "तू जरा डोळे मिट, मी आहे." खोटं नव्हतं हो त्यात काही. अशा माणसाला शिव्या तरी कशा घालायच्या?

घालते.

काका, तुमचा चहा प्यायले, त्याबद्दल मनापासून आभार. बाबा सुखरूप घरी आलेत. पण गेटवर गेलेला वेळ त्या चहाने भरून निघत नाही, आणि तुमच्या हिशोबात तो केव्हाच निघालाय. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीपासून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण सोसायटीच्या गेटवर येऊन पावती कोण फाडणार? कमिटीत कोण आहे? तुम्हीच! दुष्ट माणसाला निदान सगळे टरकून असतात, त्याची गाडी टो करायला क्रेन तरी बोलावतात. तुमच्या गाडीबद्दल मात्र ग्रुपवर कुणी शब्द काढत नाही, कारण 'काका किती करतात सगळ्यांसाठी'. करता ना! मग हेही करा.

काल संध्याकाळी बाबांना बघायला आलात, फळांची करंडी घेऊन. मी सहज खिडकीतून खाली पाहिलं. गाडी पुन्हा गेटच्या तोंडाशी. इंडिकेटर चालू. लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? सफरचंदं राहू द्या तिकडे. आधी खाली जा आणि गाडी काढा.