वकिली म्हणे! ('अनामिक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

अनामिक महोदय,

मनोरुग्ण, दारूचं व्यसन आणि गुन्हे या माझ्या लेखात मी स्वीडनमधल्या एका अभ्यासाच्या आधारे म्हटलं होतं की, मनोरुग्णांच्या हातून हिंसक गुन्हा घडण्याचा धोका मुख्यतः व्यसनापाशी वाढतो. त्याखाली तुम्ही लिहिलंत: "दारूवर खापर फोडून तुम्ही गुन्हेगारांची वकिली करताय. त्याच अभ्यासात रुग्णांची तुलना सख्ख्या भावंडांशी केल्यावर फरक बराच घटतो, ते गाळलंत. अनुभव शून्य." टोपणनावाआडून दुसऱ्याचा अनुभव मोजायला काय लागतं म्हणा! मतभेद असू द्या हो, पण ही भाषा?

एक मान्य. स्वीडनचा तो अभ्यास २००९ सालचा आहे आणि त्यात फक्त कोर्टात सिद्ध झालेले गुन्हे धरलेत, हे लेखात ठळकपणे यायला हवं होतं.

आता वकिली. स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकाराच्या) जोडीला दारू किंवा ड्रग्जचं व्यसन असलेल्यांपैकी २७.६ टक्क्यांवर हिंसक गुन्हा सिद्ध झाला. व्यसन नसलेल्या रुग्णांत हे प्रमाण ८.५ टक्के आणि इतर लोकांत ५.३. यात मी सोडवलं कुणाला? नुसत्या आजारानेही धोका थोडा वाढतो, हे ८.५ मी लपवलेलं नाही. मोठी उडी व्यसनापाशी आहे, एवढंच म्हटलं. धोका कुठून येतो ते सांगणं म्हणजे आरोपीला निर्दोष ठरवणं नव्हे. हे शाळकरी पोरालाही कळावं.

अनुभव शून्य? माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधाच्या गोळ्या तो खिडकीतून फेकायचा आणि कानातले आवाज दबावेत म्हणून प्यायचा. आवाज तासभर दबायचे, मग दुप्पट जोराने यायचे. एका रात्री त्याने शेजाऱ्यांचं दार कोयत्याने फोडलं. आत लहान मुलं होती. पोलिसांना फोन मीच केला, जबाबही मीच दिला. वकिली अशी करतात का?

व्यसनमुक्ती केंद्र म्हणायचं, आधी डोकं ताळ्यावर आणा. मनोविकाराचे डॉक्टर म्हणायचे, आधी दारू सोडवा. कोठडीत दारू एकदम तुटली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसायला लागले. सगळ्यांना वाटलं, वेड वाढलं. ते दारू तुटल्याचं लक्षण होतं, जिवावर बेतू शकणारं. पुढे एकाच डॉक्टरने दोन्ही गोष्टी एकदम हातात घेतल्या, तेव्हा कुठे तो सावरला. माझ्या लेखातली मागणी हीच होती: दोन्हींवर उपचार एकत्र करा. तुम्ही तिथवर वाचलंत की शीर्षकावरच भडकलात, देव जाणे.

भावंडांच्या तुलनेचं म्हणाल, तर तो तांत्रिक विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर द्यायला मला वेळ नाही. पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने आली तरच छापेन.