‘रीसेट मारा’ हे वाक्य मागे घेतो, बाकीचं नाही

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो नाही ते बरं झालं, नाहीतर उगाच तावातावाने काहीतरी लिहून मोकळा झालो असतो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काका तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतात. जुन्या टीव्हीच्या सर्व्हिस मोडवरचा (म्हणजे मेकॅनिकने चित्र-आवाज जुळवायच्या लपलेल्या मेन्यूवरचा) माझा लेख वाचून त्यांच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाने घरच्या २९ इंची सेटचे आकडे वरखाली केले. आता चित्र वरून-खालून चार-चार बोटं आवळलंय, आवाज गेलाय आणि सेट काकांच्या दुकानात येऊन पडलाय. काकांचं म्हणणं असं, की त्या मेन्यूत शिरायचे कोड ही धंद्यातली गोष्ट, ती चव्हाट्यावर मांडायची नव्हती. ‘बिघडलं तर रीसेट मारा’ असं मी लिहिलं ते धादांत चूक. असले उद्योग केले तर पिक्चर ट्यूबमधून किरणं बाहेर पडतात, तेही मी सांगितलं नाही. आणि मुळात हे डबे भंगारात द्यायच्या लायकीचे, त्यांच्यावर लेख कशाला?

रीसेटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ते वाक्य मी लिहायला नको होतं, आणि माहीत असून लिहिलं म्हणून जास्त लाज वाटते. मोबाइलला ‘फॅक्टरी रीसेट’ असतो, तो शब्द सवयीने हातातून गेला. डबा टीव्हीत, म्हणजे पिक्चर ट्यूबवाल्या जुन्या सेटांत, तशी सोय नसते. मेन्यूत ‘इनिशियलायझेशन’ नावाचं काहीतरी सापडतं, पण त्याने सेटच्या मेमरीत चिपमधले सरसकट आकडे भरले जातात, कारखान्यात त्या सेटला लावलेले नाहीत. सोनीच्या काही चॅसिसच्या (चॅसिस म्हणजे सेटच्या आतलं मूळ सर्किट) सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तर त्या ओळीपुढेच ताकीद छापलेली आहे, की हे एरवी वापरू नका. मी ते मॅन्युअल वाचलेलं आहे, तरी लिहिलं.

फरक का पडतो ते नव्या वाचकांसाठी सांगतो. पिक्चर ट्यूब आणि तिच्या मानेवरचं योक (चित्र पडद्यावर पसरवणारं तारांचं वेटोळं) ही जोडी प्रत्येक सेटची वेगळी. एकाच दिवशी एकाच लाइनवरून उतरलेल्या दोन सेटांतसुद्धा योक केसभर इकडेतिकडे बसतं, लाल-हिरव्या-निळ्या तीन गनांची ताकद कमीजास्त असते. म्हणून कारखान्यात प्रत्येक सेट गरम करून, जाळीचं चित्र लावून, उंची, रुंदी, कडांची वक्रता, पांढऱ्याचा रंग हे सगळं त्या एका सेटपुरतं जुळवतात, आणि आकडे २४सी०८ सारख्या आठ पायांच्या छोट्या मेमरी आयसीत लिहून ठेवतात. त्या आकड्यांची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. आमच्याच घरच्या २१ इंची सेटवर मी हा प्रताप केलेला आहे. चित्राची उंची वाढवायला गेलो आणि पुढच्या पानावरच्या ‘ऑप्शन’च्या आकड्याला हात लावला. ऑप्शन म्हणजे चित्राचं माप नव्हे. ह्या सेटमध्ये कोणते भाग बसवलेत, ट्यूनर कुठला, साउंडची आयसी कुठली, टेलिटेक्स्ट आहे की नाही, हे मुख्य चिपला सांगणारे ते आकडे. एक आकडा हलला आणि आवाज बंद. चिपला वाटलं, आपल्याकडे ती साउंड आयसीच नाही. जुना आकडा कुठे लिहून ठेवला होता? नव्हताच.

शेवटी आमच्याकडच्या मेकॅनिकनी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या सेटची मेमरी कॉपी करून आमच्या सेटला लावली. आवाज आला, पण चित्र त्या दुसऱ्या सेटचं आलं! डाव्या कडेला कंबर बारीक, खालची बाजू रुंद आणि पांढरा शर्ट गुलाबी. मग त्यांनी दोन तास बसून सगळं जुळवलं. आईने त्यांना दोनदा चहा दिला आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

तेव्हा तुमच्या दुकानातल्या सेटचा आवाज ऑप्शनमुळेच गेला असेल असा माझा दाट संशय आहे. साउंड आयसी बदलण्याआधी तेवढं बघा. फिलिप्सच्या बऱ्याच सेटांत हे ऑप्शन नंबर आतल्या स्टिकरवर छापलेले असतात, ते मिळाले तर पाच मिनिटांचं काम.

आता कोडचं. इथे मात्र मी ऐकणार नाही.

काका, तुम्ही दुकान टाकलं त्याच्या थोडं आधीपर्यंत हे सगळं सेटच्या मागे उघड्यावरच होतं. ब्लॅक अँड व्हाइट सेटला ‘व्हर्टिकल होल्ड’ची खुंटी घरच्यांसाठीच दिलेली असायची. चित्र वरखाली पळायला लागलं की आजोबा उठून मागे हात घालायचे आणि आम्ही पुढून ओरडायचो, ‘थांबलं, थांबलं, परत पळालं!’ आत गेलं की प्रीसेट, म्हणजे जुळवणीच्या छोट्या खुंट्या, त्या प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवायच्या. फिलिप्सने १९८२ मध्ये आय-टू-सी ही चिपांनी एकमेकींशी बोलायची दोन तारांची पद्धत काढली (योगायोग असा की आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं तेही त्याच साली). पुढे नव्वदच्या दशकात बहुतेक प्रीसेट ह्या पद्धतीने चिपच्या आत गेले आणि स्क्रू ड्रायव्हरच्या जागी रिमोट आला. सर्व्हिस मोड म्हणजे तेच प्रीसेट, फक्त पडद्यावर आकड्यांत दिसणारे.

मग कोड कशाला? लहान पोराने रिमोट चोखताना चुकून आत जाऊ नये म्हणून. सोनीच्या ट्रिनिट्रॉनला सेट स्टँडबायवर ठेवून डिस्प्ले, ५, व्हॉल्यूम अधिक, पॉवर, ही बटणं भराभर दाबावी लागतात. फिलिप्सला ०६२५९६ आणि लगेच माहितीचं बटण. (हा आकडा मला कायम कुणाच्या तरी मुंजीच्या तारखेसारखा वाटतो.) अनेक जुन्या सॅमसंगना स्टँडबायमधून इन्फो, मेन्यू, म्यूट, पॉवर. हे सगळं कंपन्यांनी स्वतःच मॅन्युअलमध्ये छापलंय, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत धंदा करणाऱ्या कुणाला ते ठाऊक नाही असं होणार नाही. मी छापलं नसतं तरी त्या मुलाला ते दहा मिनिटांत सापडलं असतं. त्याला जे सापडलं नसतं ते मी लिहायला हवं होतं: आत गेल्यावर पहिल्यांदा वही उघडायची. माझी चूक कोड दिल्याची नाही, वही न दिल्याची आहे.

तर ती आता देतो. आत शिरलात की एकही आकडा न हलवता प्रत्येक पान शेवटपर्यंत बघा आणि नाव व आकडा लिहून घ्या. सोनीच्या ज्या सेटांवर मी काम केलंय तिथे १ आणि ४ ने पुढेमागे जाता येतं आणि ३ व ६ ने आकडा बदलतो, म्हणजे नुसतं बघायचं असेल तर ३ आणि ६ पासून बोट लांब ठेवायचं. मोबाइलने फोटो काढणार असाल तर एक अडचण येते. आपला पाल पद्धतीचा सेट सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली चित्र रंगवतो, मोबाइलचा शटर त्याहून जलद असला की फोटोत काळा पट्टा येतो आणि नेमका आकड्यावर बसतो. खोलीत थोडा अंधार करा, प्रत्येक पानाचे तीन-चार फोटो घ्या आणि तरीही वहीत लिहा. फोन बदलतात, वही माळ्यावर राहते.

मग सेट अर्धा तास चालू ठेवा, थंड सेटवर जुळवलेलं माप गरम झाल्यावर हलतं. एका वेळी एकच आकडा बदला. बऱ्याच सेटांत तो ० ते ६३ मधला असतो, दोन-तीन घरं हलवली की डोळ्यांना फरक दिसायला हवा. दिसला नाही तर तो परत जुन्या जागी ठेवा आणि मगच पुढे जा. ‘काय होतंय बघू’ म्हणून शेवटपर्यंत नेऊ नका. जाळीचं चित्र हवं असेल तर पेन ड्राइव्हवर टाकून डीव्हीडी प्लेयरमधून लावता येतं, बातम्यांच्या पट्टीकडे बघून भूमिती जुळवू नये. ऑप्शन, ओपीटी, ओपी असं काही दिसलं की तिथून मागे फिरायचं. मेमरीत लिहायची बटणं वेगळी असतात (सोनीला आपल्याकडच्या चॅसिसवर म्यूट आणि मग ०), काही कंपन्यांच्या सेटांत मात्र बदलला आकडा विचारता न विचारता लिहिला जातो. म्हणूनच वही.

बहुतेक लोक आत शिरतात ते खालची बातम्यांची पट्टी कापली जाते म्हणून. पट्टी कापणं हा बिघाड नाही. कडा पडद्याबाहेर थोड्या जाव्यात असंच सेट जुळवलेला असतो, कारण प्रखर चित्र आलं की ट्यूबवरचं चित्र किंचित फुगतं, अंधारं आलं की आवळतं, आणि सेट जुना झाला की हा श्वासोच्छ्वास वाढतो. पूर्ण कड दिसेपर्यंत उंची कमी केली तर रात्रीच्या प्रसंगाला वरखाली काळ्या पट्ट्या येतील. तुमच्या त्या मुलाने हेच केलं असणार, फक्त चार बोटं जास्त.

आणि म्हाताऱ्या ट्यूबचा लालसरपणा मेन्यूतून थोडाफारच जातो. गन थकली असेल तर आकडा वाढवून काय होणार? एलओटीच्या (ट्यूबसाठी हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) कोअरवर हीटरसाठी एक वेढा वाढवून ट्यूब चार महिने जगवायची युक्ती तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत आहे. ती मी लिहिलेली नाही आणि लिहिणारही नाही, कारण त्यासाठी बॅक कव्हर उघडावं लागतं. माझी लक्ष्मणरेषा तिथे आहे. रिमोटने आकडे बिघडतील, माणूस मरणार नाही. कव्हरच्या आत मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतं, आणि अॅनोड कॅपखाली (ट्यूबला हाय व्होल्टेजची तार जोडलेली असते त्या रबरी टोपीखाली) पंचवीस हजार व्होल्टचा साठा प्लग काढल्यावरही राहतो. ते तुमच्यासारख्यांचं काम.

किरणांचं तुम्ही लिहिलंत ते अगदीच हवेतलं नाही, पण ते ह्या मेन्यूच्या माथी मारू नका. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकला सुमारे ९०,००० रंगीत सेट त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात म्हणून दुरुस्तीसाठी काढावे लागले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे त्याखाली सेटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर ताशी ०.५ मिलिरोंटजेन (क्ष-किरणांचं माप) ही मर्यादा आली. पण दोष होता हाय व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा. नंतरच्या सेटांत ते व्हॉल्व्हच नाहीत, आणि ट्यूबच्या काचेत शिसं, बेरियम, स्ट्रॉन्शियम घालतात ते किरण अडवण्यासाठीच. मेन्यूतल्या उंची-रुंदीच्या आकड्यांनी ट्यूबचं हाय व्होल्टेज वाढत नाही. ते वाढतं बी-प्लस (सेटचा मुख्य डीसी पुरवठा) चढला तर, किंवा हॉरिझाँटल ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा कपॅसिटर घाईत कमी क्षमतेचा बसवला तर. ती चूक रिमोटने होत नाही, सोल्डरिंग आयर्नने होते. रागावू नका, तुम्ही तसं करत नसणार हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं.

भंगाराबद्दल वाद घालत नाही. ज्यांच्या घरी फ्री डिशचा बॉक्स तीन रंगांच्या पिनांनी डबा टीव्हीला जोडलेला आहे आणि सेट मजेत चालतोय, त्यांना नवा घ्या म्हणणं मला जमत नाही. शिवाय जुने व्हिडिओ गेम ह्याच पडद्यावर खेळायला आवडणारी तरुण मुलं आहेत, त्यांचे प्रश्न मला तुमच्या प्रतिक्रियेपेक्षा जास्त येतात.

मूळ लेखातलं रीसेटचं वाक्य काल रात्री खोडून ठेवलं. पुसलं नाही, खोडलं, म्हणजे आधी वाचून गेलेल्यांना दिसेल. वहीचा परिच्छेद सगळ्यांत वर टाकला आणि कोड त्याच्या खाली ढकलले.

त्या मुलाला दोन प्रश्न विचाराल का? आत शिरताना त्याने पडद्याचा एखादा फोटो मित्रांना पाठवला होता का? अशी मुलं ‘बघ काय सापडलं’ म्हणून पाठवतातच, आणि त्या फोटोत एखादं ऑप्शनचं पान असलं तर अर्धं काम झालं. आणि बॅक कव्हरच्या स्टिकरवरचा मॉडेल व चॅसिस नंबर इथेच खाली लिहा. माझ्या वहीत २९ इंची तीन सेटांची पूर्ण पानं आहेत. भूमितीचे आकडे तुमच्या सेटला चालणार नाहीत, पण चॅसिस तोच निघाला तर ऑप्शनचे जुळायची आशा आहे.