प्रोसेसर बदलला म्हणून चांगला कूलर भंगारात घालू नका

‘प्रोसेसर बदलला की कूलरही बदलाच. जुना नव्या सॉकेटला बसत नाही, वापरून त्याचा दम गेलेला असतो आणि नवा प्रोसेसर जळतो.’ हा मेसेज सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून कॉलेज रोडच्या एका पोराने धडधाकट टॉवर कूलर (कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसून त्याला थंड ठेवणारा पात्या-पंख्याचा उंच ठोकळा) भंगारवाल्याला दिला, म्हणून लिहायला बसलो.

आधी सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटवर रायझन १००० पासून ५००० पर्यंतचे प्रोसेसर बसतात, त्यामुळे बोर्ड तोच असेल तर कूलर बदलायची गरजच नाही. २०२२ च्या एएम५ सॉकेटभोवतीची कूलर आवळायची भोकंही त्याच मापाची आहेत. अडतो तो फक्त बोर्डामागे स्वतःची प्लेट (बॅकप्लेट) मागणारा कूलर, कारण एएम५ ची मागची प्लेट निघत नाही. इंटेलमध्ये मात्र मेसेजात थोडं तथ्य आहे. ११५६ पासून १२०० पर्यंत भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, २०२१ च्या १७०० सॉकेटला ते ७८ झालं आणि प्रोसेसरची उंचीही कमी झाली. तिथे जुना कूलर दाबून बसवू नका. पण बऱ्याच चांगल्या कूलरना नवं माउंटिंग किट (बसवायच्या पट्ट्या-स्क्रू) मिळतं. नॉक्टुआ ही कूलरची कंपनी तर खरेदीची पावती दाखवली की फुकट देते.

‘दम गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं? अॅल्युमिनियमच्या पात्या झिजत नाहीत. तांब्याच्या बंद नळीतलं थेंबभर पाणी वाफ होतं, थंड होऊन परत येतं, वर्षानुवर्षं. झिजतो तो पंखा. तो खरखरायला लागला तर तेवढाच १२० मिलिमीटरचा नवा आणून लावायचा. पाण्याच्या कूलरची गोष्ट वेगळी: त्याचा पंप थकतो, पाणीही हळूहळू कमी होतं. पाच-सहा वर्षं झालेला असा कूलर नव्या प्रोसेसरवर मीही लावणार नाही.

राहिलं जळणं. तापमान मर्यादेला पोचलं की आजचा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, तरीही भागलं नाही तर मशीन बंद होतं. खरा प्रश्न वॉटचा, म्हणजे प्रोसेसर किती उष्णता सोडतो त्याचा आहे. माझा रायझन ५ २६०० आणि त्याजागी आलेला रायझन ७ ५७००एक्स, दोन्ही ६५ वॉटचे. कूलर २०१८ चाच. ६५ वॉटसोबत आलेला छोटा कूलर १२५ वॉटवर लावाल तर कमीच पडेल, तिथे नवा घ्या. आणि हिशोब एप्रिलचा करा. खोली २५ अंशांवर असताना ७० दाखवणारं मशीन खोली ३७ ला गेली की ८२ च्या आसपास जातं.

नुकसान खरं होतं ते कूलर काढताना, आणि त्याबद्दल मेसेजात अक्षर नाही. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावलेली थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर त्यालाच चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं मशीनवर जड काम चालवा, पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सैल करा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा, मध्यभागी वाटाण्याएवढी नवी ठेवा आणि स्क्रू कोपऱ्याआड कोपरा थोडेथोडे आवळा. पहिल्या वेळी मी घाई केली होती. वाकलेल्या चार पिना भिंगाखाली सुईने सरळ करण्यात अख्खा रविवार गेला.