‘पिक्चर चांगला रायला तं भेटतेच नं अवार्ड’

थंडी ओसरायला लागली, सिनेमाच्या पुरस्कारांचे दिवस आले, की आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड न चुकता येतो. मजकूर साधारण असा: बायकांच्या सिनेमांवर अन्याय होतो ही नुसती रडारड, पुरस्कार गुणवत्तेवरच मिळतात, बायकांना अभिनयाचा वेगळा पुरस्कार आहेच, त्यांच्या सिनेमांना प्रेक्षक येत नाहीत, आणि आता तर त्यांनाच झुकतं माप मिळतं. खाली नागपूरच्या महाल भागातल्या मित्राची पुस्ती: ‘पिक्चर चांगला रायला तं भेटतेच नं अवार्ड. काहून बोंबलता बे?’

आधी गुणवत्ता. २०२४ साली पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं. मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचला तोच तीस वर्षांनी. ऑस्करला मात्र आपण तो पाठवला नाही. निवड समितीला तो म्हणे भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटला. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सा आणि रत्नागिरीकडची स्वयंपाकीण, यात युरोप कुठला ते समितीलाच ठाऊक. समितीत तेरा जण होते, तेराही पुरुष. त्यांनी ‘लापता लेडीज’ पाठवला, तोही किरण रावचा, म्हणजे बाईचाच, हे कबूल. पण त्यासोबतच्या निवेदनाची सुरुवातच भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा थाटाची होती. तेरांत एखादी बाई असती तर हे वाक्य तसंच बाहेर पडलं असतं?

तिकडेही वेगळं नाही. ऑस्करमध्ये दिग्दर्शनाची नामांकनं दिग्दर्शकांचा गटच ठरवतो, अंतिम मत सगळ्या सभासदांचं. २०१२ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने सभासदांची मोजदाद केली तेव्हा त्यात ७७ टक्के पुरुष निघाले. दिग्दर्शनाचं नामांकन बाईला पहिल्यांदा मिळालं १९७७ साली, लीना वर्टम्युलरला. २०२५पर्यंतच्या ९७ सोहळ्यांत जिंकल्या तिघी: कॅथरिन बिगेलो, क्लोई झाओ, जेन कॅम्पियन. त्यातही पहिलीला मिळालं ते युद्धावरच्या पुरुषांच्या गोष्टीसाठी.

‘अभिनयाचा पुरस्कार आहे ना’ हा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. २००६ ते २०२० या पंधरा सोहळ्यांत ज्या सिनेमाच्या नायिकेला ऑस्कर मिळालं, त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर एकदाही मिळालं नाही. एकदाही! त्या पंधरा विजेत्या सिनेमांत नायिकेभोवती फिरणारा एकच, ‘द शेप ऑफ वॉटर’. म्हणजे बाई, तुझं काम झकास, पण तुझी गोष्ट काही वर्षातली मोठी गोष्ट नव्हे. लग्नात वहिनींच्या पुरणपोळीचं तोंड भरून कौतुक करायचं आणि बैठकीत मात्र बोलवायचं नाही, त्यातलाच प्रकार.

झुकतं माप? २०२१, २०२३ आणि २०२५ला नायिकेचा आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, हे दोन्ही पुरस्कार एकाच सिनेमाला गेले. वारं थोडं बदललंय, नाही कशाला म्हणू? पण त्यातले शेवटचे दोन पुरुषांनीच दिग्दर्शित केलेले आहेत.

प्रेक्षकांचा मुद्दा मुद्दाम मागे ठेवला होता. ‘बार्बी’ हा २०२३चा जगातला सर्वाधिक कमाईचा सिनेमा. ऑस्करची आठ नामांकनं, पण तो दिग्दर्शित करणाऱ्या ग्रेटा गर्विगचं दिग्दर्शनासाठी नाव नाही. (मला स्वतःला तो अर्धाच आवडला. पण फॉरवर्डवाल्यांचा हिशेब गल्ल्याचा आहे, म्हणून आठवण दिली.) त्याच वर्षी जूनच्या शेवटी ‘बाईपण भारी देवा’ लागला. माझी प्रतापनगरची मावशी तिच्या भिशीच्या सतरा जणींना घेऊन गेली, नऊवारी आणि गॉगल घालून. त्या आठवड्यात थिएटरच्या पार्किंगमध्ये स्कूट्या लावायला जागा नव्हती. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा, सगळे शो होते ना!

पायलचा सिनेमा नागपुरात आला तेव्हा मी ज्या मल्टिप्लेक्समध्ये गेलो तिथे दिवसाला एकच शो होता, रात्री साडेदहाचा. बघायला आम्ही अकरा जण, त्यातल्या सात बायका. नोव्हेंबरची थंडी, पाऊण वाजत आलेला. शेवटच्या स्कूटीचं सेल्फ लागत नव्हतं. कोणी तरी किक मारून ती सुरू केली, मगच बाकीच्या निघाल्या.