सुधा जोशी आणि आमची अक्का

'आभाळमाया' या जुन्या मराठी मालिकेवरचा लेख वाचला. खाली प्रतिक्रियांत सगळ्यांनी देवकी पंडितांनी गायलेल्या शीर्षकगीताबद्दल लिहिलंय, ते आहेच हो, पण मला आठवली ती आमच्या शेजारची अक्का.

१९९९ साली अल्फा मराठीवर (आताची झी मराठी) मालिका सुरू झाली तेव्हा आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. केबल आमच्याच घरी होती. अक्का तेलुगू, घरात मराठी कुणी बोलत नव्हतं. रोज मांडीवर सूप घेऊन यायची. त्यात तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याची गुंडी. नजर टीव्हीवर आणि बोटं विडी वळतायत. एक विडी वाकडी व्हायची नाही! फक्त मालिकेतले नवरा-बायको, सुधा आणि शरद, समोरासमोर आले की हात थांबायचे. अर्धी वळलेली विडी तशीच चिमटीत.

सुकन्या कुलकर्णींनी सुधा अशी उभी केली होती की ती आपल्याच गल्लीतली वाटायची. नवऱ्याचं दुसरीकडे मन गेलंय हे कळल्यावरही नोकरी करणारी, मुली सांभाळणारी, ताठ मानेनं चालणारी बाई. मनोज जोशींचा शरद इतका खरा, की आई त्याच्यावर चिडून भाकरी जोरात थापायची.

अक्का आईला म्हणायची, "वहिनी, हिला पगार आहे म्हणून बोलू शकते बगा." पुढं तिनं थोरल्या मुलीला विड्यांना बसवलं नाही, कॉलेजात घातलं. ती मुलगी आज शिक्षिका आहे.

दिवंगत दिग्दर्शक विनय आपटे आणि सगळ्या कलाकारांना मनापासून नमस्कार. पुन्हा कुठं सगळे भाग बघायला मिळत असतील तर कृपया सांगा, अक्काला दाखवायचे आहेत.